फाटकाने दिलेलं उत्तर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, ज्याच्याशी रोज संध्याकाळी पांझरेच्या पुलापर्यंत चालत जातो त्या मित्रालाही नाही. नऊ वर्षं झाली. लिहायला बसतो, दोन ओळी होतात, आणि उठून दाराची कडी लावली आहे की नाही ते बघून येतो. आत्ता दुपारचे अडीच वाजलेत, घरात मी एकटा आहे, कडी लावलेली आहे. तरी बघून आलो.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगता येईल असं वाटतं. वाटतं – खात्री नाही.

मी धुळ्यात, देवपूरच्या एका कॉलेजात मल्टिमीडिया शिकवतो. वय बावन्न. चित्र, आवाज, व्हिडिओ एकत्र आणायचे आणि बघणाऱ्याने काही केलं की त्यांनी प्रतिसाद द्यायचा – अशा कलाकृती बनवायची सॉफ्टवेअर असतात, ती शिकवतो. पूर्वी सीडीचा जमाना होता, तेव्हा पडद्यावर बटणं बनवायचो. नंतर दुसऱ्या प्रकारचं सॉफ्टवेअर आलं. त्यात लिहायचं काही नसतं. पडद्यावर छोटे चौकोन मांडायचे आणि वायरी जोडाव्यात तशा रेषांनी एकमेकांना जोडायचे. एक चौकोन माइकमधून ऐकतो, दुसरा सेकंद मोजतो, तिसरा आवाजांच्या यादीतून एक निवडतो, चौथा तो वाजवतो. पहिल्यांदा ते चाललं तेव्हा मी वर्गात लहान मुलासारखा टाळ्या वाजवल्या होत्या. इतकं सोपं! माणूस बोलतो आणि भिंत उत्तर देते.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की पुढे जे झालं ते यंत्रामुळे झालं असं तुम्हाला वाटू नये. यंत्राने काहीच केलं नाही.

पाचोऱ्याजवळच्या एका गावात रेल्वेचं फाटक होतं. तिथे नाना फाटकवाले होते – सगळे त्यांना नानाच म्हणायचे, मीही इथे तेवढंच म्हणतो. अठ्ठावीस वर्षं त्यांनी ते फाटक उघडलं आणि बंद केलं. पुढे रुळांखालून बोगदा झाला, फाटक काढलं, नाना निवृत्त झाले. पण आसपासच्या दहा गावांतल्या माणसांच्या कानात त्यांचा आवाज होता. गाडी येईपर्यंत थांबलेल्या प्रत्येकाशी ते बोलत. बैलगाडीवाल्याशी, लग्नाच्या वऱ्हाडाशी, शाळेच्या पोरींशी. मला वाटलं, ह्या माणसाचं फाटक परत उभं करावं. एका हॉलमध्ये लाल-पांढरा खराखुरा दांडा लावायचा, पलीकडे पडद्यावर नाना बसलेले, आणि दांड्यापाशी येऊन कोणी काही बोललं की नाना बोलतील.

दोन दिवस त्यांच्या ओसरीवर बसून मी रेकॉर्डिंग केलं. मालगाडी आली की थांबायचं, गेली की पुन्हा सुरू. नानांना तो प्रकार फार आवडला. मी त्यांना सांगितलं, समोरचा बोलायचा थांबला की दोन सेकंदांनी यंत्र उत्तर देईल. ते आत चूल पेटवत बसलेल्या अक्कांकडे बघून म्हणाले, “सर, तुम्हनं मशीन मन्ही बायकोपेक्षा बरं शे. आपलं बोलनं व्हयनं की मंगच बोलस!”

अक्का आतून म्हणाल्या, “मशीनले घर चालाडनं पडत नही ना!”

हे रेकॉर्डिंगमध्ये आहे. दोघांचंही.

त्या दोन दिवसांच्या बोलण्यातून मी एकाहत्तर तुकडे कापले. काही दोन शब्दांचे, काही दहा-बारा. ‘गाडी येई ऱ्हायनी.’ ‘कथा जाई ऱ्हायना?’ – म्हणजे कुठे चाललास. ‘जेवण व्हयनं का?’ नुसतं ‘हा.’ नुसतं ‘नही.’ अहिराणी मला शिकावी लागली नाही, माझ्या आईचं माहेर पारोळ्याकडचं, घरात तीच बोली. हे लक्षात ठेवा. मी पुढे त्याच्यावरच येणार आहे, आणि मला यायचं नाहीये.

आता एक गोष्ट समजून घ्या. ते यंत्र अहिराणी समजत नव्हतं. मराठीही नाही. काहीच समजत नव्हतं. माइकवर आवाज आला आणि थांबला, एवढंच त्याला कळायचं. मग एकाहत्तरांतला कुठलाही एक तुकडा ते वाजवायचं. मी ते तसंच ठरवलं होतं, आणि त्यात मला काही गैर वाटत नव्हतं. फाटकवाला त्याच्या मनाला येईल ते बोलेल, अर्थ बघणाऱ्याने लावावा. कॉलेजच्या शिपायाने विचारलं, “नाना, चहा घेणार का?” आणि उत्तर आलं, “मालगाडी शे, टाइम लागी.” आम्ही पोट धरून हसलो.

प्रदर्शनाच्या आधी प्राचार्य बघायला आले. त्यांनी विचारलं, “नाना, बरे आहात का?” आणि नेमकं ‘हा’ वाजलं. योगायोग. ते माझ्याकडे वळले, डोळे चमकत होते. “याला अहिराणी कळते?”

मी मान हलवली.

मान हलवली म्हणजे – हो अशी हलवली. तेव्हा ती किती छोटी गोष्ट होती! आठवड्याभराने पत्रक छापून आलं, त्यात ‘अहिराणी बोली समजून उत्तर देणारी कलाकृती’ असं लिहिलं होतं. छापण्याआधी ते माझ्या टेबलावर तपासायला आलं होतं. मी त्यात एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारला आणि परत दिलं.

त्याच सुमारास नाना गेले. छातीत दुखलं, पाचोऱ्याला नेईपर्यंत संपलं. रेकॉर्डिंगला चारच महिने झाले होते. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. आणि त्याच दिवशी, त्याच तासात, माझ्या मनात हेही आलं की आता हे काम जास्त मोठं झालं. असा विचार येतो का कुणाला? मला आला.

उद्घाटनाच्या दिवशी विद्यापीठातले मोठे पाहुणे यायचे होते. ते प्रश्न विचारणार आणि नाना काहीतरी भलतंच बोलणार, याची मला धडकी भरली. तेव्हा मी एक गोष्ट केली. अशी कामं बनवताना आम्ही प्रत्येक तुकड्याला कीबोर्डवरचं एकेक बटण जोडून ठेवतो – फक्त तपासायला, म्हणजे हवा तो आवाज लगेच वाजवून बघता येतो. काम लोकांपुढे ठेवायच्या आधी ही बटणं काढून टाकायची असतात. मी ती काढली नाहीत. माइक ऐकणाऱ्या चौकोनातून पुढे उत्तराकडे जाणारी रेष तोडली, हेडफोनकडे जाणारी तेवढी राहू दिली, आणि बटणं ठेवली. हॉलच्या बाजूला काळा पडदा होता, त्याच्यामागे लॅपटॉप घेऊन बसलो. कानाला हेडफोन, समोर तुकड्यांची यादी, कुठल्या बटणाला कुठला तुकडा ते पेनने लिहिलेलं.

पाहुण्यांनी विचारलं, “नाना, गाडी किती वाजता?” मी बटण दाबलं. ‘गाडी येई ऱ्हायनी.’ टाळ्या. कुणी बाईंनी विचारलं, “जाऊ का मी पलीकडे?” मी दाबलं, ‘थांब जराशी माय.’ हशा, टाळ्या. भीती गेली, हात गरम झाले. मी नाना झालो होतो. पडद्यामागे अंधारात मला हसू आवरत नव्हतं.

त्यानंतर अक्का आल्या.

त्यांची मुलगी मंगला त्यांना घेऊन आली होती. मंगला जळगावला असते, शिवणकाम करते. अक्कांना शाल-नारळ द्यायचा कार्यक्रम होता, त्या बोलतील असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पण शाल खांद्यावर तशीच ठेवून त्या दांड्यापाशी गेल्या. दोन्ही हात दांड्यावर ठेवले. पडद्याच्या फटीतून मला त्या बाजूने दिसत होत्या.  त्या माइकच्या इतक्या जवळ होत्या आणि इतक्या हळू बोलल्या की मागे उभ्या असलेल्या मंगलालाही काही ऐकू गेलं नाही. हॉलमध्ये कुणालाच नाही.

माझ्या कानाला हेडफोन होते.

हे सांगताना मी नेहमी इथेच थांबतो. मनातल्या मनात सांगतानासुद्धा. स्वतःला सांगत आलो की आवाज पुटपुटल्यासारखा होता, घाई होती, बोट भलत्याच बटणावर पडलं. बरीच वर्षं मी ते जवळजवळ खरं मानलं. पण तुम्हाला खोटं सांगायचं तर एवढं लिहिलं कशाला?

त्या म्हणाल्या, “ओ, पोटमा गाठ शे. डाक्टर आपरेशन कर सांगतस. माले भ्याव वाटस. करू का नको? तुम्हीच सांगा.”

शब्दाशब्दाला थांबून म्हणाल्या. घरात त्यांना विचारायच्या तशाच. आणि मग थांबल्या – उत्तराची वाट बघत.

मी काहीच दाबलं नसतं तर? काही झालं नसतं. शांतता राहिली असती, त्यांनी डोळे पुसले असते, मंगलाने हात धरून बाजूला नेलं असतं. ‘मालगाडी शे, टाइम लागी’ दाबलं असतं तर लोक हसले असते, कदाचित त्याही हसल्या असत्या. मी उठून पडदा बाजूला करू शकत होतो. दोन-तीन सेकंदांत माणूस किती गोष्टी करू शकतो! मी यादीवरून बोट फिरवलं. एक्केचाळीस नंबर दिसला.

आम्ही कापाकापी करणारे लोक एक शब्द वापरतो – हा तुकडा इथे ‘बसतो’. एखादं चित्र, एखादा आवाज नेमक्या जागी ठेवला की अंगावर काटा येतो, तेव्हा म्हणतो, बसला! मला दिसलं की एक्केचाळीस इथे बसतो. मला त्यांचा प्रश्न कळला होता, गाठ कळली होती, डॉक्टर कळला होता. आणि मी कलाकृतीचा विचार केला. टाळ्यांचा विचार केला, असंच म्हणतो. मी दाबलं.

“राहू दे. घाई नको करू. मी शे ना आठे.”

नानांचा आवाज. मोठा, मऊ, हॉलच्या चारी कोपऱ्यांतून.

अक्कांनी दांड्यावर कपाळ टेकलं. मागे कोणीतरी हुंदका दिला. मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. प्राचार्य डोळे पुसत होते. मीही रडत होतो – मी किती चांगलं काम केलं आहे याच्यामुळे रडत होतो.

तो तुकडा नानांनी कुठे म्हटला होता ते सांगतो. मोटारसायकलवाली पोरं बंद फाटकाखालून गाडी वाकडी करून काढायची, त्यांना ते काय सांगायचे याची गोष्ट चालली होती. राहू दे, घाई नको करू, मी शे ना आठे – मी आहे ना इथे, फाटक उघडायला. त्या पोरांचा जीव वाचावा म्हणून म्हटलेले शब्द होते ते.

दोन महिने गेले. पेपरात फोटो आला, कामाला पुण्याच्या एका प्रदर्शनात बक्षीस मिळालं. मग एक दिवस मंगलाचा फोन. आवाज घाबरलेला. “सर, आई ऑपरेशनला तयारच नाही. तारीख दोनदा पुढे ढकलली. म्हणते, तुझ्या बापाने राहू दे सांगितलंय. मला आधी कळेचना काय म्हणते ते. मग तिने तुमच्या त्या फाटकाचं सांगितलं. सर, तुम्ही एकदा येऊन समजवा तिला. ते मशीन आहे म्हणून सांगा. तुमचं ऐकेल.”

रविवारी येतो म्हणालो आणि फोन ठेवला. तोवर मला वाटत होतं की ती गोष्ट हॉलमध्येच संपली. कुणी ऐकलेली नाही, कुणाला माहीत नाही. ती गोष्ट दोन महिने एका बाईच्या पोटात वाढत होती.

रविवारी गेलो. चाळीसगावपर्यंत बस, पुढे रेल्वे. रस्ताभर वाक्य पाठ करत होतो. अक्का, तो आवाज मी वाजवला होता. अक्का, मी पडद्यामागे होतो, बटण मीच दाबलं. इतकंच तर म्हणायचं होतं. बारा-तेरा शब्द. पाचोऱ्याला उतरून गावात पोचलो तेव्हा वाक्य पाठ होतं.

अक्कांच्या घरात भिंतीवर पेपरातलं कात्रण चिकटवलेलं होतं. दांड्यावर कपाळ टेकलेल्या अक्का. खाली माझं नाव. अक्का उतरलेल्या दिसत होत्या, पण मला बघून इतक्या हरखल्या की त्यांनी मंगलाला लगेच चहा टाकायला पिटाळलं. मी सुरुवात केली. म्हणालो, अक्का, ते शेवटी यंत्र आहे. नाना बोलले नाहीत, त्यांचा जुना आवाज वाजला. डॉक्टरांचं ऐका.

त्या हसल्या. “भाऊ, माले माहीत शे ना यंत्र शे. मी काय येडी शे का? टीव्ही बी यंत्रच शे. पन टीव्ही मन्या सवालनं उत्तर देत नही.”

मंगला चहा घेऊन दारात येऊन उभी राहिली. अक्का थोड्या पुढे सरकल्या, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं – सरळ विचारलं, जसं कुणी कोर्टातही विचारत नाही – “माले एक सांग. तठून कोनी दाबं का? का त्या सोताच बोलनात?”

तिथून कुणी दाबलं का, की ते स्वतःच बोलले.

म्हणजे त्यांना शंका होती! त्या दाराशी येऊन उभ्या होत्या, मला फक्त कडी काढायची होती. माझ्या हो म्हणण्याने त्या दुसऱ्या दिवशी जळगावला गेल्या असत्या. मी मंगलाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर एवढंच होतं – सांगा ना सर. मी कात्रणाकडे पाहिलं. बक्षीस, पत्रक, प्राचार्य, विद्यापीठ, माझे विद्यार्थी – सगळे एका क्षणात माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि मी त्यांना घाबरलो. गुडघ्यावर हात ठेवून बसलेल्या बाईपेक्षा त्यांना जास्त घाबरलो.

“नही अक्का,” मी म्हणालो. त्यांच्याच बोलीत म्हणालो. “कोनी नही दाबं.”

त्यांनी मान हलवली. जणू त्यांना हेच अपेक्षित होतं. मंगलाने चहाचा कप माझ्यासमोर ठेवला. थोडा चहा बशीत सांडला. तो चहा मी प्यायलो.

पडद्यामागे मी जे केलं ते वाईट होतं. पण माझा खरा गुन्हा तो नाही. हा आहे. तिथे घाई होती, अंधार होता, टाळ्यांची नशा होती. इथे दिवसाउजेडी, चहा हातात घेऊन, मला विचारल्यावर, मला सगळं माहीत असताना – मी अक्कांना परत फाटकाआड ढकललं.

पुढच्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. ऑपरेशन केलं असतं तर वाचल्या असत्या का? डॉक्टरांनी मंगलाला सांगितलं होतं की लवकर झालं तर आशा आहे. मला त्यापेक्षा जास्त माहीत नाही, आणि ह्या न माहीत असण्यात मला लपायचं नाही.

दहाव्याला गेलो होतो. मंगला म्हणाली, “सर, शेवटपर्यंत तिला धीर होता. बाबा म्हणाले ना, मी आहे इथे, म्हणून.” मला वाटलं ती टोमणा मारतेय.  मी तिच्या डोळ्यांत बघितलं – टोमणा नव्हता. ती माझे आभार मानत होती. ते जास्त भयंकर होतं.

तेव्हापासून मी भितो. तुम्ही म्हणाल, कशाला? कोण विचारणार आहे? पण भीतीला कारण आहे आणि ते एका फाइलमध्ये आहे. ते सॉफ्टवेअर चालू असताना स्वतःची नोंद ठेवतं. माइकवरचा आवाज कधी थांबला, कुठल्या वेळी कुठला तुकडा वाजला आणि कशामुळे – माइकमुळे की बटणामुळे. आम्हाला चुका शोधायला ते लागतं. त्या दिवसाची नोंद माझ्याकडे आहे. कितीदा पुसायला घेतली! पुसलं तर मी काय केलं त्याचा जगात एकही पुरावा राहणार नाही, ह्या विचाराने हात मागे येतो. ठेवलं तर कुणीतरी उघडेल. नऊ वर्षांत तीन कॉम्प्युटर बदलले, तीनही वेळा ती फाइल मी स्वतःच्या हाताने पुढे नेली.

वर्गात मुलांची प्रॅक्टिकल बघतो तेव्हा तपासणीचं बटण चुकून राहिलेलं दिसलं की माझा आवाज चढतो. मुलांमध्ये हा चेष्टेचा विषय आहे. मागच्या वर्षी एक मुलगी म्हणाली, “सर, एक बटण राहिलं तर काय भूत येणार आहे का?” वर्ग हसला. मी तिचे निम्मे मार्क कापले. तिची काय चूक होती? संध्याकाळी तिचे मार्क परत दिले, पण तिला कारण सांगितलं नाही.

आणि मंगला. दर वर्षी नानांच्या तिथीच्या आसपास तिचा फोन येतो. “सर, बाबांचा आवाज मिळेल का? आमच्याकडे एकही रेकॉर्डिंग नाही. आई आत बोलतेय ते पण तुमच्याकडे आहे ना?” मी सांगतो, ते सॉफ्टवेअर आता जुनं झालं, फाइल उघडत नाही. आठ वेळा सांगितलं. दर वेळी ती म्हणते, “असू द्या सर, तुम्हाला त्रास नको.” खरं कारण तुम्ही ओळखलं असेल. पूर्ण रेकॉर्डिंग ऐकलं तर तिला ती मोटारसायकलवाल्या पोरांची गोष्ट ऐकू येईल. ती तीन वाक्यं मंगला लगेच ओळखेल. मग तिला कळेल की उत्तर कुठून कापलं होतं, आणि ती पुढचा प्रश्न विचारेल. म्हणून मी एका मुलीपासून तिच्या आई-वडिलांचा आवाज लपवून ठेवला. हसतानाचा आवाज. भांडतानाचा आवाज.

यंदा आमच्या विभागाला पंचवीस वर्षं होतायत. जुनी कामं नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणून पुन्हा लावायची असं ठरलं. नव्या प्राचार्यांनी यादी वाचली, पहिलंच नाव ‘फाटक’. सगळे माझ्याकडे बघून हसले, कौतुकाने. त्यांनी मंगलाला परस्पर फोनही केला. तिचा मला लगेच फोन – “सर, उघडली का हो फाइल? बाबा बोलतील ना?” पन्नाशीला आलेली बाई, लहान मुलीसारखी विचारत होती.

मी हो म्हणालो. फाइल उघडायला मला दहा मिनिटं लागली. सगळे चौकोन, सगळ्या रेषा होत्या तशा. माइकची तुटलेली रेष. एकाहत्तर तुकडे, एकाहत्तर बटणं. नोंदीत ती ओळ: तुकडा एक्केचाळीस, बटण. वर तास, मिनिट, सेकंद. तिच्या आधीची ओळ माइकवरचा आवाज थांबल्याची. दोन्हींमधलं अंतर मी मोजलं – विचार करायला मी किती वेळ घेतला ते त्यावरून कळतं. अकरा सेकंद. मी इतकी वर्षं दोन-तीन समजत होतो. वर तुम्हालाही तसंच सांगितलं. अकरा सेकंद खूप असतात. घड्याळ घेऊन बघा.

मंगला उद्या येतेय, जळगावहून, दुपारच्या बसने. हॉलमध्ये दुसरं कुणी नसेल अशी वेळ मी मागून घेतली आहे. दोन दिवसांचं पूर्ण रेकॉर्डिंग तिला देण्यासाठी काढून ठेवलंय, ती नोंदही कागदावर छापून घेतली आहे.  उद्या मी पुन्हा मान हलवीन, याची मला भीती वाटते, आणि त्यासाठीच मी आज हे लिहून काढलं, की निदान कागदावर तरी ते झालेलं असावं.

मी तिला सांगणार आहे की तुझ्या आईला उत्तर नानांनी दिलं नाही, मी दिलं. आणि तिने घरी मला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, तू दारात चहा घेऊन उभी असताना. मग मंगला मला विचारेल. ती विचारणारच. सर, आई काय विचारत होती ते तुम्हाला ऐकू आलं होतं का?

हो. ऐकू आलं होतं. शब्दन् शब्द.